माघारीचे शहाणपण

आमच्या कोगनोळीत बर्फ म्हणजे लग्नकार्याला भुशात गुंडाळून आणलेली लादी. दूधगंगेच्या परिसरात, तंबाखूच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या आम्हां मराठी घराण्यांचा हिमाशी संबंध येतो तो पलटणीमुळे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. तेथून आमची मुले काश्मीरच्या शिखरांवर जातात.

आमचे तात्या असेच गेले. गुलमर्गला लष्कराची १९४८ पासूनची पर्वतीय युद्धशाळा आहे. तेथे ते स्कीइंग शिकले. ‘उभ्या घळीतून सुसाट उतरायला केवढे धाडस लागत असेल!’ असे आम्ही म्हणालो की ते हसत. ‘उतरायला नव्हे रे, न उतरायला लागतं.’

मग ते समजावीत. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत घातकी. वारा घळीच्या माथ्याशी हिम साठवतो. खालचा थर कच्चा असला की एका माणसाच्या भाराने वरचा थर निखळतो. दोन्ही बाजूंना कडे, तेव्हा पळायला वाट नाही. आणि खाली अरुंद तोंडाशी सारे हिम खोल साचते. म्हणून एका वेळी एकानेच उतरायचे. बाकीच्यांनी घळीच्या तोंडाशी नव्हे, बाजूच्या उंचवट्यावर थांबायचे. जवळ संदेशयंत्र, सळई आणि फावडे हवेच, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तरच आशा. ताजे हिम, जोराचा वारा किंवा एकाएकी वाढलेली ऊब दिसली तर सरळ माघारी फिरायचे.

८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे जवान हिमस्खलनात सापडले. सतरा जण गेले. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. ‘शिकलेल्यालाही डोंगर ओळखत नाही,’ एवढेच बोलले.

२०१९ च्या ऑगस्टात महापुराने महामार्ग अडला. पलीकडे कोल्हापुरात आमची बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. पुढचा ट्रक पाण्यातून पार झालेला पाहून आम्ही गाडी सुरू केली. तात्यांनी किल्ली काढून घेतली. ‘उतारावर दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून तो उतार सुरक्षित ठरत नाही. कदाचित त्याच्याच भाराने थर सैल झालेला असतो.’

आम्ही रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाणी ओसरल्यावर भाचीला पाहिले, तेव्हा तिला प्रथम त्यांच्याच मांडीवर दिले.

आपल्याकडे माघार म्हणजे नामुष्की. परंतु घरी परतलेला माणूसच उद्या पुन्हा डोंगर चढू शकतो, हे आम्हांला बर्फ न पाहताच उमगले.