आग्रहाचा डाव

बुद्धिबळाचा एक उलटा प्रकार आहे. ज्याचे सगळे मोहरे आधी संपतील, तो जिंकला. ऐकायला पोरखेळ वाटतो. हरायला कुठे अक्कल लागते? पण एक नियम सगळी गंमत करतो: समोरचा मोहरा मारता येत असेल तर तो मारलाच पाहिजे. दोन-तीन मारता येत असतील तर त्यातला कोणता, एवढंच तुमच्या हाती. शह नाही, मात नाही. राजाही चारचौघांसारखा मरतो.

म्हणजे इथे हुकूमत देणाऱ्याची. पंगतीत यजमान जिलब्यांचं ताट घेऊन समोर उभा राहिला की पाहुण्याचं जे होतं, तेच घेणाऱ्याचं. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं, दिसायला अगदी निरुपद्रवी खेळी. काळा राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. आता पांढऱ्याच्या उंटाला ते मारावंच लागतं. मग राजापुढचं प्यादं, मग थेट वजीर, मग आणखी एक प्यादं. मधल्या वेळात काळ्याच्या उंटालाही एक प्यादं आणि हत्ती मिळतो, पण फरफट खरी पांढऱ्याचीच. नेहमीच्या डावात वजीर मिळाल्यावर आपण मनातल्या मनात पेढे वाटतो. इथे डाव गेलेला असतो. लांब पल्ल्याचा मोहरा हे इथलं ओझं. जितकी पोच मोठी, तितकी सक्ती मोठी. मला हा भाग फार आवडतो, थोडा दुष्टपणे.

२०१६ मध्ये गणितज्ञ मार्क वॉटकिन्स यांनी संगणकाच्या मदतीने या खेळाचा निकालच लावला: राजापुढचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात केली, तर बिनचूक खेळणारा पांढरा जिंकतोच. तेच प्यादं दोन घरं टाकलं, तर हरतो. नेहमीच्या बुद्धिबळात हीच दोन घरांची खेळी आपल्याला लहानपणी पहिली शिकवतात! त्या बुद्धिबळाचं कोडं मात्र अजून कुणाला सुटलेलं नाही.

एक अडचण उरतेच. लहान भाचीला जिंकू द्यायचं म्हणून मामा नेहमी वजीर मुद्दाम सांडतो. या खेळात त्याला तिचे मोहरे अधाशासारखे गिळावे लागतील, आणि प्रत्येक मोहऱ्यागणिक ती डोळ्यांत पाणी आणेल. नियम पुन्हा समजावण्यात डाव संपून जाईल.