वाळ्याची वडी

सेलूला, माझ्या माहेरी, दोन प्रकारचे साबण असायचे. एक रोजचा. लाल, औषधी वासाचा, दोऱ्याने कापून अर्धी अर्धी वडी पुरवून वापरलेला. दुसरा मोती. गोल, जाडजूड, चंदनाच्या वासाचा. तो नरक चतुर्दशीच्या पहाटे निघायचा आणि भाऊबीज झाली की पुसून, वाळवून, कागदात गुंडाळून आईच्या लोखंडी पेटीत जायचा. वर्षभर आईच्या ठेवणीतल्या लुगड्यांना चंदनाचा वास यायचा. आईच्या अंगाला यायचा तो चुलीच्या धुराचा, सरकीच्या ढेपेचा आणि कापूस वेचून आल्यावर अंगावरच वाळलेल्या घामाचा. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आंघोळ रोजची आणि सुगंध सणाचा, एवढंच ठाऊक होतं.

यंदा मे महिन्यात माहेरी जाताना ५०० ग्रॅम सोप बेसची, म्हणजे वितळवून ओतायच्या तयार साबणाची, लादी, वाळ्याच्या तेलाची छोटी बाटली आणि श्रीखंडाचे पाच रिकामे डबे पिशवीत घातले. परभणीकडचा मे म्हणजे दुपारी पारा ४३-४४ अंशांवर. म्हणून साबणाचं काम मी पहाटेच काढलं. लादी पनीरसारखी कापली जाते. भुगा पडत नाही. इंचभराचे तुकडे लहान पातेल्यात घातले, ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवलं आणि गॅस मंद केला. आधी तुकड्यांच्या कडा गोल होतात, मग ते एकमेकांना बिलगतात आणि बघता बघता सगळं काकवीसारखं सैल होतं. हा बेस ६० अंशांच्या पुढेमागे वितळतो. त्याला उकळी येऊ द्यायची नाही. पहिल्यांदा मी घाई केली होती. बेस उकळला, पिवळट पडला आणि त्यात घातलेला मोगरा वाफेबरोबर घरभर गेला. वडीत उरलाच नाही. तेव्हापासून गॅस बंद करते, जरा निवू देते आणि वर साय धरायच्या बेतात असताना तेल घालते. १०० ग्रॅमला १ ग्रॅम पुरतं. चमचा हळूच फिरवायचा. डब्यात ओतल्यावर वर बुडबुडे जमतात. त्यांच्यावर सर्जिकल स्पिरिटचा एक फवारा मारला की ते विरतात आणि पृष्ठभाग संथ विहिरीसारखा होतो.

ओसरीवरून आईचा आवाज आला, "काय शिजवायलीस माय एवढ्या सकाळी?"

"साबण."

"घरात कुठं साबण होतो का गं?"

होतो, पण अर्धाच. साबण तयार होतो तो तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आल्यावर. तेलातली स्निग्धाम्लं सोड्याशी जुळतात, त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. पण कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लेकराबाळांच्या घरात तो मी आणत नाही. बेसमध्ये ती जळजळीत पायरी कारखान्यातच उरकलेली असते. ग्लिसरीनही त्यात मुद्दाम भरपूर ठेवलेलं असतं. घरच्या बाईच्या हाती उरतात तीन गोष्टी: रंग, आकार आणि वास. रंग नसला तरी चालतो. आकार श्रीखंडाचा डबा देतो. वास मात्र आपला आपल्यालाच ठरवावा लागतो.

मला खरं तर पहिल्या पावसाचा वास हवा होता. तो बाटलीत मिळतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. ते मातीचं अत्तर. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, तेव्हा कन्नौजच्या लोकांनी तो कधीचाच कुपीत भरून ठेवला होता. परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसात एका अत्तरवाल्याने माझ्या मनगटाला त्याचा फाया लावला आणि भर गर्दीत नांगरलेलं काळं रान समोर आलं. पण अस्सल मातीचं अत्तर थेंबाथेंबाने घ्यायचं. साबणात घालण्याइतकं परवडत नाही.

मग वाळा आठवला. उन्हाळा लागला की आई वाळ्याची जुडी धुऊन रांजणात सोडायची. वाळा म्हणजे गवताची मुळं, पण जिभेला पाणी लागायच्या आधी नाकाला गारवा लागायचा. पुढे घरात कूलर आला, त्याच्या ताट्यांमधूनही हाच वास यायला लागला. सणाची वाट न बघणारा आमच्या घरातला हा एकच सुगंध. आणि तोही पिण्याच्या पाण्याचा. अंगाच्या वाट्याला तो कधी आला नाही.

अंगाच्या आंघोळीची गोष्ट निघाली की मला आमच्या परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची संत जनी आठवते. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. तिच्याबरोबर विठोबा जात्यावर बसला, त्याने तिची धुणी धुतली, तिच्या केसांचा गुंता सोडवला, तिला न्हाऊ घातलं, असं आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. दळणकांडणाने शिणलेल्या देहाला कुणी मायेने न्हाऊ घालावं, याहून मोठा मान त्यांना सुचला नसावा. त्या गोष्टीत सण नाही, तीर्थ नाही. रोजच्या कामानंतरची रोजची आंघोळ आहे.

दोन-तीन तासांत वड्या धरल्या. डब्याच्या कडा दाबल्या की वड्या अलगद सुटतात. एक आईच्या हातात दिली. तिने ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "हा तर रांजणाचा वास," ती म्हणाली. मग उठली, वर्तमानपत्राच्या कागदात वडी गुंडाळली आणि पेटीत ठेवून कडी घातली. मी काही बोलले नाही. चाळीस वर्षांची सवय एका वडीने कशी जाईल?

मृगाचा पाऊस पडला, त्या आठवड्यात मी पुन्हा सेलूला होते. आईने पेटी उघडली तर कागद ओला, आणि त्याखालच्या लुगड्यावर डाग. वडीवर दवासारखे बारीक थेंब. "नासला गं तुझा साबण," ती हळहळली. नासला नव्हता. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळी हवेत उघड्या वडीला असा घाम सुटतो. प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळली असती तर टिकली असती. पण टिकून तरी काय? सुगंधी तेल उडतंच. कागदात उडतं, पेटीतही उडतं.

बाहेर पाऊस धरून होता. मी पन्हाळीखाली बादली लावली. आमचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याशी साबणाचा साका होतो, तो अंगाला आणि फरशीला चिकटतो, फेस काही येत नाही. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. आई पाटावर बसली, तिच्या पाठीवर मी वडी फिरवली आणि एवढा फेस आला की माझा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. सत्तरी ओलांडलेली ती पाठ, डाव्या खांद्यावर भाऱ्याच्या दोरीचा जुना वळ. सगळी न्हाणी वाळ्याने गार झाली. तांब्याने पाणी घालत राहिले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या बी लावते."

ती वडी महिनाभरात संपली. उरलेल्या चार आता न्हाणीतल्या कोनाड्यात आहेत, पेटीत एकही नाही. तुमच्या घरात आईच्या, आजीच्या, सासूबाईंच्या पेटीत एखादा चांगला साबण ठेवलेला असेल, तर तो आजच काढून न्हाणीत ठेवा. घाम रोजचा आहे. सुगंधही रोजचाच असू द्या.