बर्लिनची गोल गाडी

मुलांनो, माझा धाकटा भाऊ शिकायला जर्मनीत, बर्लिनला गेला. पहिल्याच आठवड्यात फोन, "ताई, आज मी आख्ख्या शहराला प्रदक्षिणा घातली!"

झालं असं, की तिथे गोल फिरणारी लोकल आहे. २७ स्टेशनं, ३७ किलोमीटर, फेरीला सुमारे ६० मिनिटं. एस-४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाते, एस-४२ उलटी. हा पठ्ठ्या घाईत उलट्या गाडीत बसला. दोन स्टेशनांवर उतरायचं, तर जवळजवळ पूर्ण फेरी झाली. कॉलेजचा पहिला तास बुडाला.

"अरे, कुणाला विचारायचं नाही का?"

"लाज वाटली गं. वाटलं, हसतील. शेवटी शेजारच्या आजींना विचारलं. त्यांनी कागदावर गोल काढून दोन बाण दाखवले. हसल्या नाहीत."

मी गप्प झाले. त्याच दिवशी वर्गात एकाने तीच शंका दुसऱ्यांदा विचारली, तेव्हा मी म्हणाले होते, "एवढंही कळत नाही?" सगळे हसले होते. तो पुन्हा बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गोल काढला, दोन बाण काढले, ही गोष्ट सांगितली. मग त्याला म्हटलं, "काल माझं चुकलं. विचार बरं पुन्हा."

त्याने विचारलं. कुणी हसलं नाही.