बाळकडू

मराठी भाषेत ‘बाळकडू’ हा शब्द आता बहुतेक अलंकार म्हणूनच उरला आहे. अमक्याला देशसेवेचे बाळकडू मिळाले, तमकीला गायनाचे बाळकडू घरातच मिळाले, असे आपण सहज लिहून जातो. आणि विद्यार्थी तर निबंधात हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरतात की, वह्या तपासताना माझेच तोंड कडू होते. परंतु मूळचे बाळकडू हे खरोखरीचे कडू औषध होते. तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घातल्यावर घरातील वडील बाई सहाण पुढे ओढी. तीवर वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष इत्यादी जिनसांचे मोजून वळसे उगाळी, आणि ती गुटी दुधात कालवून बोंडल्याने मुलाच्या तोंडात सोडी. हल्लीचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काहीच देऊ नये असे सांगतात, व वर्षाच्या आतील मुलाला मध चाटविणेही धोक्याचे मानतात. त्यांचे ऐकावे. मला येथे त्या गुटीची तरफदारी करावयाची नाही. मला इतकेच म्हणावयाचे आहे की, बोंडल्याचे काम त्या मानाने सोपे होते. तान्हे मूल फार तर तोंड वेडेवाकडे करील. अडीच वर्षांचे मूल ओठ मिटते. आणि ते मिटलेले ओठ उघडविणे किती कठीण आहे, हे ज्याने केले असेल तोच जाणे.

आमच्या घरी हे काम २०२५ च्या जून महिन्यापासून पुढे सहा महिने रोज चालले होते. माझ्या धाकट्या भावाचा खोकला दोन महिने हटेना, अंगात बारीक ताप राहू लागला, वजन उतरले. शेवटी थुंकीची तपासणी झाली आणि क्षयाचे निदान ठरले. हा रोग आता बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही त्या दिवशी घरात दिवेलागणीची प्रार्थना कोणालाच धड म्हणता आली नाही. कारण भावाच्या मांडीवर रात्रंदिवस खेळणारे आमचे बाळराजे! क्षयाच्या रोग्याबरोबर एका घरात राहणाऱ्या पाच वर्षांच्या आतील मुलास या रोगाचे भय मोठ्या माणसांपेक्षा अधिक असते. जन्मतः टोचलेली बी. सी. जी. ची लस काही अंशी रक्षण करते, सर्वस्वी नव्हे. आणि लहान मुलांत हा रोग कधी कधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. डॉक्टरांनी बाळराजांना तपासले, वजन केले, ते ११ किलो भरले, आणि रोग नाही अशी खात्री करून घेऊन त्यांनी प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिडची एक गोळी रोज, सहा महिनेपर्यंत, न चुकता देण्यास सांगितले.

या औषधाचा क्षयावरील गुण १९५२ साली जगापुढे आला. त्याआधीच्या पिढ्यांत आमच्या ख्रिस्ती समाजातीलही कितीतरी माणसे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात मोकळी हवा, विश्रांती आणि देवाची दया यांवर भिस्त ठेवून पडून असत. ज्या गोळीसाठी त्यांनी वाटेल ते दिले असते, ती आमच्या फळीवर कागदी पुडक्यात पडलेली होती. अडचण एवढीच होती की, ज्याच्यासाठी ती आणली होती तो रोगी नव्हता. त्याला काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. धडधाकट मुलाला कडू औषध का घ्यावयाचे हे कोणत्या शब्दांत सांगावे? आणि एक-दोन दिवस नव्हे, तब्बल १८० दिवस!

मुलाचा तरी यात काय दोष? कडू चव ओळखण्याचे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक मनुष्याच्या ठायी आहेत. वनस्पतींतील पुष्कळशी विषे कडू असतात. कुचल्याचे बी हे आपल्याकडील प्रसिद्ध उदाहरण. तेव्हा कडू लागताच थुंकून टाकणे ही देवाने मुलाच्या जिभेवर बसविलेली चौकीच होय. पण विष कोणते आणि औषध कोणते, हे त्या चौकीदाराला कळत नाही. आपल्या वाडवडिलांनी ज्याला ‘कोयनेल’ म्हटले ते हिवतापावरचे क्विनाईन किती कडू असते, हे ज्यांनी घेतले ते विसरत नाहीत; आणि त्याच कडूपणाने लक्षावधी जीव वाचविले. शिवाय दोन-अडीच वर्षांचे वय हे ‘नाही’ या शब्दाचे वय. आंघोळीला नाही, सदऱ्याला नाही, झोपेला नाही. ज्याला आपली इच्छा अशी काही वस्तू आहे हा शोध नुकताच लागला आहे, त्याच्यापुढे आपण चमचा घेऊन उभे राहतो.

पहिला आठवडा माझ्या आईने आपल्या पद्धतीने काढला. गोळी चुरून चमचाभर पाण्यात कालवावयाची, बाळराजांना पायांवर आडवे घ्यावयाचे, नाक चिमटीत धरावयाचे, आणि श्वासासाठी तोंड उघडले की चमचा रिता करावयाचा. तिने चार मुले अशीच वाढविली होती, तेव्हा तिच्याशी वाद घालणे सोपे नव्हते. परंतु रडणारे मूल उताणे असता तोंडात काही ओतले तर ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, हे आमच्याकडे येणाऱ्या आशाताईंनी तिला निक्षून सांगितले. माझे ऐकले नसते, आशाताईंचे ऐकले. एक तर त्या परक्या, आणि दुसरे म्हणजे त्यांच्या हातात नोंदवही होती.

मग शेजारच्या काकूंनी शिऱ्याची युक्ती सुचविली. साजूक तुपातला शिरा, वर बेदाणे, आणि आत चुरलेली गोळी. “कळणारसुद्धा नाही त्याला,” असे त्या म्हणाल्या. माझ्या भावजयीने तसे केले. दोन दिवस खरोखरीच कळले नाही. तिसऱ्या दिवशी चुऱ्याचा एक खडा जिभेला लागला. बाळराजांनी घास बाहेर काढला, तो हातावर घेऊन पाहिला आणि आईच्या तोंडाकडे पाहिले. मी पंचवीसएक वर्षे मुलांचे चेहरे पाहत आले आहे. वर्गात खोटे पकडले गेलेल्या मुलाचा चेहरा मला ठाऊक आहे. पण येथे पकडलेले मूल नव्हते, पकडणारे होते. त्या दिवसापासून शिरा बंद झाला. पुढे खीर बंद झाली, मग दूध. आईच्या हातचे जे जे मऊ आणि गोड, ते ते संशयित ठरले. एका गोळीसाठी आम्ही मुलाचे निम्मे जेवण घालवून बसलो. आणि अर्धा वाडगा शिरा ताटात राहिला तर अर्धे औषधही ताटातच राहते, हा हिशेब निराळाच.

यातून वाट सापडली ती भावामुळे, आणि तीही त्याच्या नकळत. त्याच्या स्वतःच्या गोळ्या चांगल्या मोठ्या होत्या आणि त्या घेताना त्याचा जीव मेटाकुटीस येई. आरंभी तो बाहेरच्या खोलीत, खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला फडके बांधून राहत असे. पुढे डॉक्टरांनी आता भय नाही असे सांगितल्यावर तो आत वावरू लागला. एका सकाळी त्याने गोळ्या गिळून तोंड वाकडे केले, ते बाळराजांनी पाहिले.

“पप्पा, कलू?”

“हो रे बाबा, फार कडू,” भाऊ म्हणाला.

बाळराजे खदखदून हसले. आतापर्यंत घरातील प्रत्येक माणूस त्यांना ‘गोड आहे, गोड आहे’ असेच सांगत आला होता. कडूला कडू म्हणणारा हा पहिलाच मनुष्य त्यांना भेटला!

दुसऱ्या दिवसापासून बापलेक एकाच वेळी औषध घेऊ लागले. आमचे घर रुळांपासून लांब नाही. सकाळी सातच्या सुमारास मुंबईकडे जाणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोड स्टेशनावर येते. ती गाडी आली की औषधाची वेळ, असा नियम ठरला. एखाद्या दिवशी गाडीला उशीर झाला तर औषधालाही उशीर होई. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही चमच्याऐवजी बिनसुईची पिचकारी आणली. मुलाला ताठ बसवावयाचे, पिचकारीचे टोक गालाच्या आतल्या बाजूस ठेवावयाचे, थोडे थोडे सोडावयाचे, आणि लागलीच पाणी द्यावयाचे. दट्ट्या कधी आई दाबी, तर कधी बाळराजे स्वतः. ‘औषध घ्यावयाचे की नाही’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नसे. ‘लाल पेल्यातले पाणी की निळ्या पेल्यातले’ हा मात्र रोज विचारला जाई, आणि त्याचा निर्णय करण्यात बराच वेळ जाई. औषध पोटात गेल्यावर दोघेही मिळून जितके वाईट तोंड करता येईल तितके करीत, व मग दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत बाळराजे पेन्सिलीने एक रेघ ओढीत. ती बहुधा शेजारच्या तीन दिवसांवरूनही जाई.

रडणे थांबले असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ दिवस रडणे होई, दोनदा ओकारी झाली, एकदा पिचकारी मोरीत गेली. पण ते रडणे कडू चवीचे होते. आईच्या चेहऱ्याकडे बघून केलेले ते रडणे नव्हते. मला हा भेद मोठा वाटतो. आमचे हिंदू शेजारी गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ-जिऱ्यांबरोबर वाटून घरातील सर्वांना देतात. ते कडू आहे हे कोणी लपवीत नाही. आजोबा खातात, नातू खातो, आणि सगळेच तोंड वाकडे करतात. पवित्र शास्त्रात वल्हांडणाच्या भोजनात कडू भाजी सांगितली आहे, आणि त्याच अध्यायात, मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना तो सांगा, अशीही आज्ञा आहे. दोन्ही ठिकाणी मोठी माणसे मुलांबरोबर त्याच पंक्तीला बसलेली आहेत. आमच्याकडे फक्त बाळराजांनाच एकटे वेगळ्या पंक्तीला बसविले होते.

ऑक्टोबर महिन्यात निराळेच संकट आले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित सिरपने वीसहून अधिक मुले दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. त्यांतील कित्येकांवर नागपुरास उपचार चालू होते. भावजयीने पुडके उचलून फळीच्या अगदी वर ठेवून दिले आणि ती रडू लागली. तिला दोष कोण देईल? आपल्या हाताने मुलाच्या तोंडात काय घालतो आहोत, हा प्रश्न कोणत्याही आईला पडावा असाच आहे. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की, त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष सापडले आहे. आपली ही गोळी आहे, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि दोन वर्षांच्या आतील मुलाला खोकल्याची औषधे मुळी देऊच नयेत.

घरी आल्यावर मी त्या विषाविषयी वाचले. ते चवीला गोड असते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड हे गुणकारी औषध लोकांना पातळ रूपात हवे होते, म्हणून एका कंपनीने ते याच द्रव्यात विरघळवून रासबेरीची रुची घातली. विक्रीपूर्वी त्या औषधाची चव, रंग आणि वास यांची परीक्षा झाली होती. विषारीपणाची झाली नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत पुष्कळ मुले होती. पुढच्याच वर्षी त्या देशात औषधांविषयी कडक कायदा झाला. आपल्या मुंबईतही गिरणीत जाणाऱ्या आया मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. १९२० नंतरच्या दशकातील सरकारी चौकशांत तिची नोंद आहे. बाळागोळीने मूल रडत नसे, ओठ मिटत नसे, कोणाला त्रास देत नसे. गिरणीत दहा तास उभ्या राहणाऱ्या त्या बायांना दुसरा काय उपाय होता, हे विचारल्यावाचून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

भावजयीने दुसऱ्या दिवशी पुडके पुन्हा खाली काढले. पंचवटी आली, गोळी पाण्यात विरघळली, रेघ ओढली गेली.

वाचणाऱ्या आईबापांपैकी कोणावर असाच प्रसंग आला, तर गोळी कशात मिसळता येते व कशात नाही हे औषधागणिक निरनिराळे असते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे. आणि औषधाला खाऊ म्हणू नये. खाऊ म्हणून फळीवर ठेवलेली बाटली एखाद्या दुपारी, घर निजलेले असता, मूल आपल्या हाताने काढून घेईल.

डिसेंबरात भावाची थुंकी निर्दोष ठरली, त्याची औषधे संपली, आणि नाताळाच्या थोडे आधी बाळराजांच्याही गोळ्या संपल्या. दिनदर्शिकेची ती पाने भावजयीने जपून ठेवली आहेत. दूध पुन्हा सुरू झाले आहे, खीरही चालते. शिरा मात्र ते अद्यापि बोटाने उकरून, तळापर्यंत पाहूनच खातात.