उधाण आणि भांग

आमच्या मढला दोन घड्याळं. एक शाळेचं, भिंतीवरचं. दुसरं समुद्राचं. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोलीच्या जाळ्यात म्हावरं भरून येतं. मधल्या अष्टमी-नवमीला भांग. तेव्हा पाणी मंद आणि कामही मंद. माझा बापूस तांडेल होता. त्यामुळे हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. आणि तरीही मी ते विसरलो, ती ही गोष्ट.

2007 च्या जानेवारीत मी एका छोट्या वर्तमानपत्राला बातम्या द्यायचो. शिक्षणावर काहीतरी दणदणीत लिहायचं डोक्यात होतं. पहाटे किनाऱ्यावर गेलो, तर सातवीतली एक पोरगी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर टाकत होती. दप्तर शेजारी पाटीत. मी फोटो काढला. शाळेत जाऊन हजेरीपट पाहिला, गैरहजेरीचे दिवस मोजले आणि 'पालकांची अनास्था' असं ठोकून दिलं. बातमी फोटोसकट, नावासकट छापून आली. चार लोकांनी पाठ थोपटली.

त्याच वर्षी पावसाळ्यात, होड्या अजून वर ओढून शाकारलेल्या होत्या, तेव्हा पी. साईनाथांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. हा माणूस 1993 मध्ये फेलोशिप घेऊन देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत हिंडला होता. 1996 साली त्याचं पुस्तक झालं, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना'. त्यात खेड्यांतल्या शाळांवर एक अख्खा भाग आहे. आमचे संपादक म्हणाले, "तुझी ती बोंबलाची बातमी राष्ट्रीय पुरस्काराला पाठव. शिक्षणावर लिहिणारे आहेत किती?" मलाही हुरूप आला. दिल्लीचं व्यासपीठ, शाल, आयचा हसरा चेहरा, सगळं दिसायला लागलं.

मुलीचं पुढे काय झालं, हे दोन ओळींत जोडावं म्हणून तिच्या घरी गेलो. आजी जाळं विणत बसली होती. पोरगी आत होती, बाहेर आली नाही.

"शालंन जात नाय ती आता," आजी म्हणाली. "तुजा पेपर आला तवापासून वर्गातली पोरा तिला बोंबील म्हनतान."

मला बोलता येईना. आजीनंच विचारलं, "बाला, तू कवा आल्तास रं? उधानाला ना? भांगाला आला असतास तर पोरगी शालंन गावली असती. उधान आलं का घरान हात कमी परतान. तुला काय सांगाचा, तू तांडेलाचा पोर."

घरी येऊन मी जुनं कॅलेंडर काढलं आणि वहीत टिपलेल्या गैरहजेरीच्या तारखा त्याच्याशी लावून पाहिल्या. जवळजवळ सगळ्या पुनव-अवसेच्या आसपासच्या. भांगाच्या दिवसांत ती पोरगी रोज शाळेत होती. अनास्था कुठली? आईबाप तिला जमेल तितकं शिकवत होते. हे मला कॅलेंडरवर दिसत होतं, पण मी पाहिलं नव्हतं. साईनाथांचं पुस्तक मग पुन्हा वाचलं. तो परका माणूस गावात राहून, लोकांना विचारून लिहीत होता. मी गावातलाच, आणि एका सकाळीत उरकलं.

पुरस्काराचा अर्ज मी भरला नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. 'बातमीचा परिणाम' या रकान्यात काय लिहायचं, तेच सुचेना. शाळेत जाऊन बाईंना कॅलेंडर दाखवलं. बाई भल्या. उधाणात बुडलेला अभ्यास भांगात भरून घेऊ म्हणाल्या. त्याचा फायदा धाकट्या बहिणीला झाला. ती पुढे फेरीनं खाडी ओलांडून वेसाव्याला शिकायला गेली. थोरली मात्र शाळेत परतली नाही.

थोरली आता बाजारात म्हावरं विकते. मी बोंबील घ्यायला गेलो की दोन जास्तीचे टाकते. मागे एकदा हसत म्हणाली, "दादूस, पेपरात लिव. पन फोटो नको."

मी मान हलवली. पैसे दिले. तिनं मोजून कनवटीला लावले.