फोटो आहेत, नावं कुठायत?

तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत किती फोटो आहेत? पाच हजार? पंधरा हजार? त्यातले गुड मॉर्निंगवाले गुलाब, हॉटेलची मेन्यूकार्डं आणि ऑफिसच्या व्हाइटबोर्डचे फोटो वजा केले, तरी उरलेल्या ढिगातून हवा तो फोटो काढणं म्हणजे संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनवर चुकलेला मित्र शोधणं! मग आपण एखाद्या टेकसॅव्ही दोस्ताला विचारतो, 'फोटो लावून ठेवायला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं रे? फुकटातलं सांग.' गेले दोन महिने मीही हाच प्रश्न घेऊन फिरतेय. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला 'फुकट' हा शब्द जरा जास्तच प्रिय असतो.

पण माझं काम गोवा ट्रिपचा अल्बम लावण्याइतकं सोपं नव्हतं. २०१० मध्ये बाबांनी आजीच्या ट्रंकेतले साडेतीनशे कृष्णधवल फोटो स्कॅन केले होते. रात्री जेवणं झाली की ते आजीला कॉम्प्युटरशेजारी बसवायचे आणि तेव्हाच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकेका चेहऱ्याला नाव द्यायचे. पुढे तो कॉम्प्युटर बंद पडला. फोटो सीडीवर होते, ते वाचले. नावं त्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या वहीत लिहून ठेवली होती, ती गेली. आजी आता सत्त्याऐंशीची आहे. बाबांना त्यातली निम्मी माणसं आठवत नाहीत. बाकीच्यांना नावाने ओळखणारी आता ती एकटीच.

म्हणून यावेळी फीचर्सच्या यादीला मी भुलले नाही. फुकटाचा इतिहास आधी पाहिला, आणि तो सॉलिड इंटरेस्टिंग निघाला. पिकासा गूगलने २००४ मध्ये विकत घेतलं, फुकट वाटलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली. २०१८ मध्ये मालक बदलला आणि २०१९ पासून फुकट खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा आली. गूगल फोटोज २०१५ मध्ये अमर्याद जागेसह आलं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले, आणि ती जागा जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून घ्यायची. यात रागवण्यासारखं काही नाही. कंपनी आहे, धंदा करणारच. पण भाड्याच्या घरात शिरताना आपण जसं 'सोडताना डिपॉझिट परत मिळेल ना' विचारतो, तसं इथेही विचारायला हवं.

त्यातला मुख्य प्रश्न एकच. मी लिहिलेलं नाव नक्की कुठे साठवलं जातं? आजीच्या काळी फोटोच्या पाठीमागे शाईने लिहायचे. फोटो कुणाच्याही घरी गेला तरी नाव सोबत जायचं. डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते, तिला मेटाडेटा म्हणतात. तारीख-वेळ कॅमेरा स्वतःच तिथे लिहितो. नावं आणि कॅप्शन आपण लिहू शकतो, अगदी मराठीतसुद्धा. फक्त सॉफ्टवेअरने ते फोटोच्या फाइलमध्येच लिहायला हवं. गूगलकडून सगळा डेटा उतरवून घेतला, तर तिथे घातलेली वर्णनं वेगळ्या जेसन फाइल्समध्ये हातात येतात. म्हणजे फोटो एका पिशवीत आणि पाठ दुसऱ्या!

या कसोटीवर माझी निवड ठरली डिजिकॅम. ओपन सोर्स, फुकट, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. चेहरे ओळखण्याचं काम ते आपल्याच कॉम्प्युटरवर करतं, आजीचे फोटो कुठे पाठवावे लागत नाहीत. आणि नावं फाइलमध्ये लिहितं. सेटिंग्जमध्ये तो पर्याय चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. दिसायला मात्र अगदीच सरकारी! मेन्यूंची इतकी गर्दी की पहिले दोन दिवस मी नुसतीच भटकत होते. इमिच हे दुसरं ओपन सोर्स प्रकरण जाम देखणं आहे, गूगल फोटोजसारखंच वाटतं. पण त्यासाठी घरात एक मशीन कायम चालू हवं. आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते, सो नो थँक्स.

शेअरिंगला मात्र गूगल फोटोजला पर्याय नाही. न्यू जर्सीचे काका आणि नाशिकची आत्या, दोघांनाही एक लिंक टॅप करता येते. फक्त लक्षात ठेवा, लिंक फॉरवर्ड झाली की ज्याच्या हाती पडेल तो अल्बम बघू शकतो. आणि व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो, शिवाय त्याची पाठही पुसली जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. थोडक्यात माझा फंडा असा: मूळ फोटो डिजिकॅममध्ये, वाटण्यापुरती कॉपी ऑनलाइन, एक बॅकअप हार्डडिस्कवर आणि दुसरा आत्याच्या कपाटात.

आता दर रविवारी आजी आणि मी लॅपटॉपसमोर बसतो. नदीच्या घाटावर उभ्या असलेल्या एका मुलीवर सॉफ्टवेअरने आजीचं नाव सुचवलं. आजी हसली. "चुकलं गं तुझं मशीन. ही अक्का, माझी थोरली बहीण. शाळेत मास्तरही चुकायचे." मग जरा थांबून म्हणाली, "हिला चौथीतून काढलं ना, तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती." मी नाव दुरुस्त केलं आणि खाली ते वाक्यही लिहिलं. ही माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरला चेहऱ्यावरून कळणार नव्हती, आणि अक्काबद्दल आमच्या घरात याआधी कुणी हे ऐकलंही नव्हतं.

एकशे चाळीस फोटो झालेत, दोनशेदहा बाकी आहेत. आजी हल्ली लवकर दमते, त्यामुळे एका बैठकीत दहाच होतात.

तुमच्याही घरात कुठेतरी अशी ट्रंक असेल, आणि ती उघडली की बोलायला लागणारं कुणीतरी. डिजिकॅम की आणखी काही, ते निवांत सोमवारी ठरवा. रविवारी आधी आजीला फोन लावा.