पाच दिवसांची जठारपेठ

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी शेगाव सोडून पुढे आली, की खिडकीबाहेर काळीभोर जमीन दिसू लागते. ही वऱ्हाडातली कापसाची जमीन. मार्चमध्ये कापूस घरी गेलेला असतो आणि शेतात वाळलेली पऱ्हाटी तेवढी उभी असते. थोड्याच वेळात येतं अकोला. इथून मुंबई सुमारे ५८० किलोमीटर, तर नागपूर अडीचशे. या अकोल्यातली एक गजबजलेली वस्ती म्हणजे जठारपेठ.

दोस्तांनो, जठारपेठेत काय पाहायचं, असं विचाराल तर मी म्हणेन, संध्याकाळी चौकाच्या आसपास नुसते उभे राहा. शिकवणीहून सायकलवर परतणारी मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आया, घुंगरांच्या तालावर फिरणारा रसवंतीचा चरक. आणि विदर्भाचा क्रिकेटचा मोठा सामना चालू असेल, तर रसाच्या ग्लासाबरोबर वाद फुकट!

मी तिथे होतो तो आठवडा नेमका असाच होता. १० मार्च २०२४ पासून मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईने तोवर हा करंडक ४१ वेळा जिंकलेला, तर विदर्भाने दोनदा.

ते 'दोनदा'सुद्धा सोपं नव्हतं, बरं का! विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. पहिलं अजिंक्यपद मिळायला साठ वर्षं लागली. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. रजनीश गुरबाणीने त्यात हॅट्‌ट्रिक केली आणि १ जानेवारी २०१८ ला करंडक विदर्भात आला. त्याच सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज आयुष्यातला पहिलाच रणजी सामना खेळला. पदार्पण, तेही थेट अंतिम सामन्यात! पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. तेव्हापासून अकोल्यातली पोट्टी छाती काढून चालतात.

तर, पहिली संध्याकाळ. मुंबईचा डाव २२४ धावांत आटोपला, म्हणून रसवंतीवर नुसता जल्लोष. पण दिवस संपता संपता विदर्भाचेही तीन गडी गेले. धावा फक्त ३१. खेळपट्टीवर उरले अथर्व तायडे आणि रात्रीचा पहारेकरी म्हणून आलेला आदित्य ठाकरे. दोघंही अकोल्याचे!

"पाहा बावा, मुंबईत विदर्भाची इज्जत कोणाच्या हातात हाय, तर आपल्या अकोल्याच्या!" रसवाले काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळा डाव १०५ धावांत संपला. मुंबईला ११९ धावांची आघाडी. संध्याकाळी रसवंतीवर आवाज चढले.

"बाहेरचे खेळाडू कशाले घेता? आपले पोट्टे का कमी हायेत?" एका दादाचा सवाल. करुण नायर कर्नाटकातून आलेला, ध्रुव शोरी दिल्लीहून. त्यांच्याकडे बोट होतं.

"अन् वसीम जाफर कोठचा होता? मुंबईचाच नं? तो आला तवा तर टाळ्या वाजवल्या तुम्ही!" दुसऱ्याने लगेच टोला हाणला.

एक निवृत्त गुरुजी वहीत धावा मांडत बसलेले. ते म्हणाले, "अरे, पाहुणा घरच्या पोराची जागा खात असेल, तर वाईट. पण घरच्या पोराले काही शिकवून जात असेल, तर चांगलं. हे एका दिवसात कसं कळन?"

तिसऱ्या दिवशी मुंबईचा दुसरा डाव ४१८ धावांवर संपला. मुशीर खानचं शतक झालं. विदर्भापुढे लक्ष्य उभं राहिलं ५३८ धावांचं! त्या संध्याकाळी वाद झालाच नाही. सगळे गप्प. तेवढ्यात सातवी-आठवीतली एक मुलगी आईला म्हणाली, "हारनारच हाय, तर दोन दिवस खेळाचं काऊन? आजच हात मिळवून घरी का येत नाही?"

कुणी हसलं नाही. प्रश्न खराच होता. परीक्षेला निम्मा अभ्यास राहिला असेल, तर उरलेला करायचा की पुस्तक मिटायचं? तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारला असेल.

उत्तर मैदानावरून आलं. चौथ्या दिवशी करुण नायरने ७४ धावा केल्या. दिवसअखेर ५ बाद २४८. पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. १३० धावांची भागीदारी! वाडकरचं शतक, दुबेच्या ६५. जठारपेठेतल्या दुकानादुकानांतून गिऱ्हाईक थांबलं आणि हिशेब सुरू झाला, अजून किती हव्यात? वाडकर बाद झाला आणि शेवटचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गेले. ३६८ सर्वबाद. विदर्भ १६९ धावांनी हरला.

गुरुजींनी वही मिटली. "पहिल्या डावात १०५, दुसऱ्यात ३६८. खेळपट्टी तीच, गोलंदाज तेच. मग बदललं काय? आता पुढच्या वर्षी हे पहिल्या डावात करा म्हणा."

पुढच्या वर्षी तसंच घडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला उपान्त्य सामन्यात विदर्भाने याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. अंतिम सामना केरळशी. पहिल्याच सकाळी ३ बाद २४! पण या वेळी दानिश मालेवार हा नागपूरचा एकवीस वर्षांचा मुलगा आणि पाहुणा करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिशच्या १५३, नायरच्या ८६. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला. रणजीच्या नियमाप्रमाणे, अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता! पहिला डाव किती मोलाचा असतो, ते कळलं ना? आणि घरचा-बाहेरचा या वादाचं उत्तर त्या २१५ धावांत कुणी किती केल्या, हे मोजत बसण्यात नाही. दोघं एकमेकांसाठी पळत होते, यात आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकासाठी विदर्भ शेष भारत संघाशी नागपूरला खेळला. पहिल्या डावात १४३ धावा कुणाच्या? अकोल्याच्या अथर्व तायडेच्या. विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि अथर्व सामनावीर ठरला.

तुमच्या गावातही असा एखादा चौक असेलच. तुमचा संघ हरेल त्या संध्याकाळी तिथे जाऊन पाहा. नुसती नावं ठेवणारे कोण आणि वहीत धावा मांडून ठेवणारे कोण, ते चटकन ओळखू येईल.